बारा वाजून बत्तीस मिनिटं

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. ते पुढे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी ते पाहून प्रत्येकाची धांदल उडायचीच. अण्णा बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या त्या वर्कशॉपचा भोंगा आमच्या कॉलनीपर्यंत ऐकू यायचा आणि भोंग्याच्या आत गेटवर पोहोचणं हा अण्णांचा धर्म होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही लेट मार्क नाही, ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. आई मात्र विहारात रविवारच्या वंदनेनंतर चटया गुंडाळताना कोणाला ना कोणाला सांगायची. सकाळी स्टोव्हचा फुरफुराट, भाकरी थापल्याचा आवाज, डब्याच्या कडीचा खटका, मग सायकलचं स्टँड मागे सारल्याचा खाड आवाज. तो आवाज आला की आई घड्याळाकडे न बघता म्हणायची, "सात वाजून दहा." आणि तेवढेच वाजलेले असायचे, म्हणजे खरे.

अशा घरात वाढलेली मुलगी याद्या करणारी निघाली नसती तरच नवल. आठवीपासून माझ्याकडे एक लांबट वही होती. दप्तरात काय भरायचं, दळणाला कधी जायचं, कोणत्या मैत्रिणीशी अबोला आहे आणि तो कधी संपवायचा, सगळं त्यात ओळीने. काम झालं की मी त्यावर काट मारायची आणि त्या काट मारण्यात मला जे सुख मिळायचं ते मला आजही दुसऱ्या कशात मिळत नाही. आता फोनमध्ये यादी करायची सोय आहे, बोटाने टिचकी मारली की काम पुसलं जातं. मला ते पटत नाही. केलेलं काम दिसायला हवं, रेघेखालून का होईना.

दहावीची परीक्षा झाली, निकाल जूनमध्ये लागणार होता. मधले दोन महिने कसे घालवायचे आणि त्यानंतर पुढे काय, यावर घरात बोलणी चालू होती. आईचं मत सरळ होतं. कॉमर्स घ्यायचं, शेजारी टायपिंगचा क्लास लावायचा, परीक्षा पास झाली की कुठेतरी क्लार्क म्हणून चिकटायचं. तिच्या मावसबहिणीची मुलगी अशीच चिकटली होती आणि दर दिवाळीला ती चिकटल्याचं उदाहरण आमच्या घरी यायचं. मला सायन्सला जायचं होतं. का, ते नीट सांगता येत नव्हतं. "आवडतं" एवढंच म्हणता यायचं आणि आवडतं म्हणून कोणी काही शिकतं, हे आईला खरंच कळत नव्हतं. अण्णा ऐकायचे. एकदा जेवताना ताटातली मटकी बाजूला सारत त्यांनी विचारलं, "ते सायन्स-सायन्स म्हणते, म्हणजे नक्की काय करणार गं नंदे?" मी म्हटलं, "तुम्ही एकदा केंद्रावर येऊन बघा." ते म्हणाले, "बघू. बघितल्यावर सांगतो."

केंद्र म्हणजे इंदिरानगरच्या बाजूचं विज्ञान केंद्र. मोठं काही नव्हतं. एक लांब हॉल, मागे फरशीचं अंगण, अंगणात कडुनिंबाचं एक झाड. पण त्याच्या दारावरच्या पाटीने मी पहिल्याच दिवशी गारद झाले होते. पाटीवर लिहिलं होतं, 'कृपया हात लावा.' आमच्या घरात शोकेसमधल्या कपांना हात लावायचा नाही, टीव्हीच्या बटनाला लावायचा नाही, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरीला तर नजरसुद्धा लावायची नाही, आणि इथे विनंती करून सांगत होते की लावा. हॉलमध्ये एक चमकता गोळा होता, त्यावर हात ठेवला की केस उभे राहायचे. आरसे होते, एकात माणूस बुटका, एकात पडवळासारखा. दोन टोकांना दोन मोठ्या तबकड्या होत्या, एकीत तोंड घालून कुजबुजलं की चाळीस पावलांवरच्या दुसरीत स्पष्ट ऐकू यायचं. आणि एक कप्प्यांची, म्हणजे पुलींची, खुर्ची होती. त्यात बसायचं, दोर ओढायचा आणि स्वतःच स्वतःला वर उचलायचं. जाडजूड मावश्या आधी लाजायच्या, मग दोर ओढून वर गेल्या की खाली उतरायचं नाव घ्यायच्या नाहीत.

सुट्टीत तिथे विद्यार्थी मदतनीस घेत. आमचं काम म्हणजे आलेल्या लोकांना प्रयोग समजावायचे आणि कोणी गोळ्याजवळ ओल्या हाताने गेलं तर ओरडायचं. केंद्र चालवायचे देवरे सर. मूळचे कळवणकडचे, उंच, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. ते कोणालाही उत्तर देत नसत, उलट प्रश्न विचारत. "सर, ही खुर्ची बिघडली." "बिघडली म्हणजे काय झालं?" असं. माझी लांबट वही त्यांना फार आवडली. एप्रिलच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, की मे महिन्यात एक दिवस असा येतो, जेव्हा आपल्या नाशिकमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैतही येतो, पण तेव्हा ढग. "त्या दिवशी अंगणात कार्यक्रम करायचा. तू कर."

"मी?"

"वही आहे ना तुझ्याकडे?"

मी त्या रात्री उत्साहात एकतीस कामं लिहून काढली. अंगणाच्या मधोमध एक मीटरचा लोखंडी पाइप ओळंबा लावून उभा करणे. खडू. पाण्याचे माठ. मुलांनी घरून एक स्टीलचा पेला आणणे, पेला सरळसोट असावा, वर पसरट नको. पेले फरशीवर गोलात मांडणे. सावली गेली की टाळ्या, आणि त्याच पेल्यांतून पन्हं. ही पेल्यांची कल्पना माझी होती आणि तिचा मला फार गर्व होता. कार्डशीटवर मी स्वतः जाहिरात रंगवली: 'सावली गायब! दुपारी ठीक बारा वाजता.' सरांना यादी दाखवली. त्यांनी पानं उलटली, "वा" म्हटलं आणि खाली सही केली.

एकदा आमच्या गच्चीवर रंगीत तालीम करून बघायची, असं माझ्या मनात होतं. पण मे महिन्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुरडयांचं राज्य असायचं. आई आणि शेजारच्या दोन बायका पहाटे चीक शिजवून साड्यांवर कुरडया घालायच्या आणि दिवसभर तिथे कावळ्यालासुद्धा प्रवेश नसे. मी बांबू घेऊन जिन्यात दिसले तेव्हा आई खालूनच कडाडली, "नंदे, गच्चीवर पाऊल टाकलंस तर तुझ्याच सावलीत तुला वाळत घालीन." तालीम राहिली. मला त्याचं काही वाटलंही नाही. बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो यात तपासायचं काय? हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तो दिवस उजाडला. अण्णांनी आदल्या दिवशीच जेवणाच्या सुट्टीचं गणित करून ठेवलं होतं. सुट्टी साडेअकरा ते साडेबारा. सायकलने यायला पाव तास, जायला पाव तास. "सव्वाबाराला मी निघणार," त्यांनी बजावलं. "तोवर तुझी ती सावली गेलेली पाहिजे." आई म्हणाली, "आणि नाही गेली तर?" अण्णा सायकलची हवा तपासत होते. टायपिंगच्या क्लासचा फॉर्म फडताळावर घडी घालून ठेवलेला होता आणि आईने त्याच दिवशी तो काढून धूळ झटकली, हे मी पाहिलं.

अंगणात सत्तर-ऐंशी माणसं होती. सुट्टीच्या शिबिराची मुलं, त्यांचे आईबाप, आमच्या कॉलनीतली दहाबारा. पेल्यांचा मोठा गोल झाला होता आणि सगळे पेले उन्हात आरशासारखे चमकत होते. देवरे सर मात्र नव्हते. ते गावाकडची माणसं आणायला सकाळीच टेम्पो घेऊन कळवणला गेले होते आणि अजून आले नव्हते. पावणेबाराला अण्णा आले. कडुनिंबाखाली सायकलवर तसेच, एक पाय जमिनीवर टेकवून, थांबले. हँडलला डबा. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, जशी ते वर्कशॉपच्या साहेबाला पाहून हलवत असावेत. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

बाराला दोन मिनिटं कमी असताना मी खुर्चीवर उभी राहून भाषण केलं. बाराला एक मिनिट कमी असताना सगळ्यांकडून उलटी मोजणी सुरू केली. दहा, नऊ, आठ... शून्य! मुलांनी जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवल्या.

पाइपची सावली जागच्या जागी होती. वीतभर नव्हती, पण अर्ध्या वितेपेक्षा जास्तच होती. प्रत्येक पेल्याच्या शेजारी त्याची स्वतःची छोटी काळी सावली पडलेली होती, सत्तर पेल्यांच्या सत्तर.

"गेली का गं?" मागून कोणीतरी विचारलं.

"जाते आहे," मी म्हटलं.

टोपी घातलेले एक पालक पुढे आले, वाकून पाइपकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हिने तिकीट काढलेलं दिसत नाही. ही काही जायची नाही." लोक हसले. एका मुलीने विचारलं, "ताई, मग पन्हं आता देणार का?" आणि लगेच सगळ्या अंगणाने तो प्रश्न उचलून धरला. मला माहीत होतं, की पन्हं दिलं की पाच मिनिटांत अंगण रिकामं होणार. "सावली गेल्याशिवाय पन्हं नाही," मी ओरडले. माझ्या आवाजात आईचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

वही उघडली. एकतीस कामं, त्यांतल्या सव्वीसांवर काट. वेळ तपासणे असं काम त्यात कुठेच नव्हतं. अण्णांकडे बघायची हिंमत होईना. सरांना विचारावं तर सर नाहीत, आणि असते तरी त्यांनी उलट विचारलं असतं, "गेली नाही म्हणजे काय झालं?" तोच प्रश्न मग मी स्वतःला विचारला. सावली गेली नाही म्हणजे काय झालं? हातात खडू होता, घड्याळात अजून बाराच. मी पाइपजवळ बसले आणि सावलीच्या टोकाला फरशीवर एक रेघ मारली. दुसरं काय करावं सुचलं नाही म्हणून मारली, हे खरं. पण दोन-चार मिनिटांत टोक रेघेच्या आत सरकलेलं दिसलं. सावली आखडत होती. घड्याळात बारा पाच झाले तशी दुसरी रेघ मारली. बारा दहाला तिसरी. दोन रेघांमधलं अंतर जवळजवळ सारखं होतं; तेच बोटांनी पाइपच्या बुंध्यापर्यंत मोजत नेलं.

तेवढ्यात कडुनिंबाखाली हालचाल दिसली. अण्णांनी सायकल वळवली होती. मी धावत गेले.

"अण्णा, थांबा."

"सव्वाबारा होतील आता."

"बारा बत्तीसला जाणार आहे."

"मघाशी बाराला जाणार होती."

"मघाशी मी मोजलं नव्हतं. आता मोजलंय."

अण्णा सायकल झाडाला टेकवून पाइपजवळ आले, गुडघ्यावर बसले आणि छातीच्या खिशातून त्यांची स्टीलची पट्टी काढली. ती पट्टी ते झोपतानाच काय ती खिशातून काढत. तिला लावलेल्या तेलाचा वास मला अजून आठवतो. पाइपच्या बुंध्यापासून त्यांनी पहिली रेघ मोजली. "तेरा सेंटीमीटर." दुसरी. "अकरा." तिसरी मोजायला डोळे बारीक केले. "पावणेनऊ. नऊ धर." मग मला म्हणाले, "बोल."

"पाच मिनिटाला दोन सेंटीमीटर. तेरा जायला साडेसहा वेळा पाच मिनिटं. साडेबत्तीस मिनिटं."

ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिले. गणित पुन्हा करत होते. गणित बरोबर होतं. पण साडेबाराला भोंगा होता आणि भोंग्याच्या आत गेट. मी त्यांचा चेहरा बघत होते. अण्णांना मी आजवर कधी दोन गोष्टींमध्ये अडकलेलं पाहिलं नव्हतं. अण्णा उठले, झाडाकडे गेले. मला वाटलं, संपलं. आणि मग तो आवाज आला. खाड. सायकलचं स्टँड. पण सकाळी यायचा तसा मागे सारल्याचा नव्हता. स्टँड लावल्याचा होता.

परत येऊन ते टोपीवाल्यांना म्हणाले, "भाऊ, जरा उन्हातून बाजूला व्हा. मोजायला अडचण होते."

त्यानंतर अंगणाचा नूरच पालटला. मी प्रत्येकाला खडूचा तुकडा दिला आणि ज्याने त्याने आपापल्या पेल्याच्या सावलीवर रेघ मारायला सुरुवात केली. सत्तर-ऐंशी माणसं भर उन्हात उकिडवी बसून पेल्यांवर डोळे लावून होती. टोपीवाले दर दोन मिनिटांनी आपल्या मुलाच्या पेल्याचा हाल ओरडून सांगत होते. बारा वीसला फाटकाशी टेम्पो थांबला आणि देवरे सर पंधरावीस माणसं घेऊन शांतपणे चालत आले. सोबत त्यांची आई, नऊवारी, हातात भाकरीचं गाठोडं. ती सरळ पाइपजवळ गेली, खाली पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "वं माय! सावली तं आठेच शे!"

सगळे हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. एक मुलगी म्हणाली, "आजी, इथेच आहे, पण थांबा, अजून अकरा मिनिटं आहेत."

मी सरांपाशी गेले. "सर, मी बारा लिहिलं होतं."

"बारा?" सर चमकले. "अगं, आपली घड्याळं अलाहाबादकडच्या दुपारच्या हिशेबाने लावलेली असतात. सूर्याला आपल्याकडे यायला अर्धा तास जास्त लागतो. मी तर बारा एकतीस धरून निघालो."

"पण तुम्ही सही केली होती."

सरांनी खिशावरच्या शाईच्या डागाकडे पाहिलं. "यादी इतकी सुबक होती, की मी वाचलीच नाही," ते म्हणाले. आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाले, "चूक माझी पण आहे."

बारा एकोणतीसला सगळ्या माना पेल्यांवर वाकलेल्या होत्या. साडेबाराला लांबून, द्वारकेच्या दिशेने, भोंगा ऐकू आला. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. पट्टी पाइपच्या बुंध्याला लावून ते तसेच बसून होते. सावलीची राहिलेली किनार बारीक झाली, बोटाएवढी, मग दोऱ्याएवढी. आणि मग, बारा एकतीसला, पाइप नुसता पाइप उरला. सत्तर पेले नुसते पेले उरले, जसे कोणी चित्रातून कापून फरशीवर ठेवलेत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मोजणी तर कोणाच्या लक्षातच नव्हती. सरांच्या आईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, लुगडं थोडं उचलून पुन्हा पाहिलं आणि हलक्या आवाजात "गई!" म्हणाली. तेव्हा कुठे आरडाओरडा सुरू झाला.

पन्ह्याचा पहिला घोट सगळ्यांना गरम लागला. पेले तापतील आणि आधी थंड पाण्याने विसळावे लागतील, हेही माझ्या यादीत नव्हतं.

"आता लेट झालोच आहे," अण्णा म्हणाले, "तर आत काय आहे ते दाखव." मी त्यांना हॉलमध्ये नेलं. गोळ्यावर त्यांनी हात ठेवला नाही, विजेच्या वस्तूला विनाकारण हात लावणं त्यांना पटेना. पण कप्प्यांच्या खुर्चीपाशी ते रेंगाळले. कप्प्या मोजल्या, दोर बोटांनी चाचपला, मग इकडेतिकडे बघून पटकन बसले आणि ओढायला लागले. हातभर वर गेले, तिथेच थांबले, पाय हलवले. "रोज इंजिनं उचलतो," वरूनच म्हणाले, "स्वतःला कधी उचललं नव्हतं." मग डबा उघडून त्यांनी कडुनिंबाखाली कळवणच्या मंडळींबरोबर जेवण केलं. सरांच्या आईचा ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते ठेच्याचंच होतं, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आज मी अशा कार्यक्रमांचंच काम करते. शाळांच्या सहली, उन्हाळी शिबिरं, दर मेमध्ये पेल्यांचा गोल. आता मुलांच्या फोनवर सावलीची नेमकी वेळ सेकंदासकट येते आणि ती कधी चुकत नाही. तरी माझ्या प्रत्येक यादीत पहिलं काम एकच असतं: आदल्या दिवशी स्वतः उभं राहून बघणे. आणि मी अजून मुलांच्या हातात खडू देतेच. वेळ माहीत असलेला माणूस फक्त वाट बघतो, रेघ मारणारा माणूस सावलीबरोबर खेळत असतो.

त्या संध्याकाळी वर्कशॉप सुटल्यावर अण्णा मला घ्यायला आले; आम्ही घरी पोहोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. बातमी आमच्या आधी येऊन पोहोचली होती.

"लेट मार्क?" तिने विचारलं. "तुम्हाला? वर्कशॉपचं घड्याळ बंद पडलं का?"

"चालू होतं."

"मग फोरमनला काय सांगितलंत?"

"पोरीचं गणित तपासत होतो म्हणून सांगितलं." अण्णा पायातल्या चपला काढून जागेवर ठेवत होते.

आईने एकदा माझ्याकडे, एकदा फडताळावरच्या फॉर्मकडे पाहिलं. "मग? आलं का बरोबर?"

"एका मिनिटाने चुकलं," अण्णा म्हणाले.

मी खाली बघितलं. आईने फॉर्म उचलला.

"तो ठेव," अण्णा म्हणाले. "एका मिनिटाची चूक राहिलीय. ती काढायला हिला सायन्सलाच घालावं लागेल."

फॉर्म तसाच हातात धरून आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जे नेहमीप्रमाणे दहा मिनिटं पुढे होतं. मग त्या फॉर्मची तिने चौघडी घातली, ती डुगडुगणाऱ्या पाटाच्या आखूड पायाखाली सरकवली, आणि म्हणाली, "चला, जेवायला बसा. उशीर झाला."